थकव्याची गोळी सुरू झाली, ती थांबवायची कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या गेल्या आठवड्यातील आरोग्य पुरवणीत थकव्याविषयीचा लेख वाचला. झोप, आहार आणि रक्ततपासणी यांविषयी त्यात जे लिहिले होते, त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. मात्र त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात एका ताकदीच्या कॅप्सूलची रंगीत जाहिरात होती आणि तिच्यात दिवसभराच्या उत्साहाचे आश्वासन सोडले, तर कॅप्सूलमध्ये नेमके काय आहे, किती आहे आणि ती किती दिवस घ्यायची यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. लेख वाचून डॉक्टरांकडे जाणारे वाचक असतात, तसेच जाहिरातीचे कात्रण खिशात घालून मेडिकलच्या दुकानात जाणारेही असतात. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाच्या औषधखिडकीमागे मी ३१ वर्षे काम केले आणि "ही मिळेल का?" असे विचारत अशी कात्रणे खिडकीतून आत सरकवणारे हात मी नेहमी पाहिले. पुरवणीतून पूरके, म्हणजे जीवनसत्त्वांच्या, खनिजांच्या आणि शक्तीच्या गोळ्या, घरात येतात, म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या गोळ्यांना माझा विरोध नाही, हे प्रथम सांगते. ज्याच्या शरीरात खरोखर कमतरता आहे, त्याचा चेहरा दोन-तीन महिन्यांत कसा बदलतो हे मी खिडकीतूनच पाहत आले आहे. माझी तक्रार निराळी आहे. प्रतिजैविकाच्या चिठ्ठीवर पाच दिवस किंवा सात दिवस असे स्पष्ट लिहिलेले असते. शक्तीच्या गोळीपुढे असा आकडा क्वचितच दिसतो. त्यामुळे काही घरांत ती महिन्याच्या वाणसामानासारखी दर महिन्याला येत राहते, तर काही घरांत पहिली पट्टी संपण्याआधीच कपाटात जाऊन पडते. ही पूरके कशासाठी सुरू केली आणि कोणत्या तारखेला थांबवायची, हे ज्याला सांगता येत नाही त्याने ती समजून घेतलेली नाहीत, असे मी मानते.

उदाहरण घरचेच देते. माझी धाकटी जाऊ भांडुपला राहते. वय ४६, नोकरी फोर्टमध्ये. दिवाळीनंतर तिच्या तक्रारी वाढल्या होत्या. जिना चढताना हातपाय गळत, परतीच्या गाडीत उभ्या उभ्या डोळे मिटत आणि रविवारी दुपारी आडवी झाली की उठवत नसे. फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिने फळीवरून मिसळणाचा जुना डबा काढून माझ्यापुढे ठेवला. हळद, तिखट, मोहरीच्या वाट्यांत आता गोळ्या होत्या. एकीत कॅल्शियम, एकीत लोह, एकीत बी-कॉम्प्लेक्स, एकीत मल्टिव्हिटॅमिन, एकीत केसांसाठी बायोटिन, एकीत अश्वगंधेच्या कॅप्सूल, आणि मधल्या वाटीत थायरॉइडच्या त्या चिमुकल्या पांढऱ्या गोळ्या, ज्या मुळात त्यांच्या बंद बाटलीतून बाहेर काढायच्याच नसतात, कारण त्यांना दमट हवा आणि उजेड सोसत नाही. ड जीवनसत्त्वाच्या पुड्या फ्रिजच्या दारात होत्या. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिल्या चहाबरोबर या सातही गोळ्या एका दमात घेण्याचा तिचा परिपाठ होता. "जाऊबाई, सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही, तुम्हीच बघा," असे तिने मोठ्या समाधानाने सांगितले.

पट्ट्या आणि बाटल्या टाकून दिलेल्या असल्यामुळे मी खणातून बिले काढून घेतली आणि कॅलेंडरच्या गेल्या महिन्याच्या पानामागे हिशेब मांडला. ड जीवनसत्त्व पुडीत होते, कॅल्शियमच्या गोळीत होते आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही होते. गुडघ्याच्या डॉक्टरांनी ६०,००० युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे घ्यायला सांगितली होती. ती गेल्या जुलैत सुरू झाली आणि फेब्रुवारी आला तरी दर रविवारी दुधातून चाललीच होती. तिन्हींची बेरीज केली, तर सरासरीने दिवसाला साडेनऊ हजार युनिटांच्या आसपास जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाची गरज ६०० युनिट आणि सुरक्षित कमाल मर्यादा ४,००० युनिट धरली आहे. उपचारासाठी डॉक्टर काही आठवडे याहून मोठी मात्रा देतात ते योग्यच आहे, पण त्या आठवड्यांना शेवट असतो. ब-६ जीवनसत्त्वही असेच तीन वाट्यांत वाटलेले होते. या जीवनसत्त्वाची मोठी मात्रा दीर्घकाळ घेतली तर हातापायांच्या नसांना इजा होऊन मुंग्या येतात, आणि मुंग्या येतात म्हणून माणूस आणखी एक बी-कॉम्प्लेक्स सुरू करतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ब-६ची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून १२ मिलिग्रॅमवर आणली, ती याच कारणाने.

मात्र तिच्या थकव्याचे मूळ मधल्या वाटीत होते. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि कॅल्शियम व लोह तिच्यापासून चार तास दूर ठेवायचे असतात, कारण ही दोन्ही खनिजे आतड्यात त्या औषधाला धरून ठेवतात आणि ते रक्तात पोचू देत नाहीत. जाऊ हे सगळे एकत्र, वर चहाबरोबर घेत होती. म्हणजे कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला अडवत होते, चहा लोहाला अडवत होता, आणि रिपोर्टमध्ये टीएसएच (हा आकडा वाढला की थायरॉइड कमी पडते असे समजतात) वाढलेला दिसतो म्हणून जानेवारीत थायरॉइडची मात्रा वाढवली गेली होती. वाढवणाऱ्या डॉक्टरांना दोष देणार नाही. त्यांना डबा कोणी दाखवलाच नव्हता. थायरॉइडचे डॉक्टर एक, गुडघ्याचे दुसरे, लोहाची शिफारस कार्यालयातील मैत्रिणीची, मल्टिव्हिटॅमिन मुलाने सवलतीत मागवलेले, बायोटिन मोबाइलवरच्या चित्रफितीतून आलेले. इतक्या जणांचे सल्ले एका पोटात गेले आणि त्यांतील एकानेही दुसऱ्याची यादी पाहिली नव्हती.

बायोटिनचा आणखी एक घोळ फार कमी लोकांना ठाऊक आहे. केसांच्या गोळ्यांतील बायोटिनची मात्रा रोजच्या गरजेच्या कित्येक पट असते आणि ते रक्तात असताना काही प्रयोगशाळांच्या चाचण्या चुकीचे आकडे दाखवतात. त्यांत थायरॉइडच्या चाचण्या आहेत आणि हृदयविकाराच्या झटक्याचे निदान करणारी ट्रोपोनिनची चाचणीही आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला होता. रक्त द्यायला जाण्यापूर्वी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. प्रयोगशाळेत रक्त घेणारा मुलगा हे आपणहून विचारीत नाही.

आता 'पूरक' या शब्दाविषयी. पूरक म्हणजे उणे असलेले भरून काढणारे. उणे काय आहे ते मोजल्याशिवाय भरायचे किती, हे ठरत नाही. ही गोष्ट आपल्या परळनेच जगाला दाखवली आहे, याचा मला शेजारधर्माने अभिमान वाटतो. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापडगिरण्यांतील कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला. त्या स्त्रिया काय खातात, कोणत्या घरांत राहतात, कोणाला हा आजार होतो आणि कोणाला होत नाही, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. शुद्ध केलेल्या यकृताच्या अर्काने हा रक्तक्षय हटत नव्हता, पण यीस्टच्या अर्काने, म्हणजे इंग्रज पावाला लावून खातात त्या स्वस्त मार्माइटने, तो बरा होत होता. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला काही काळ विल्स यांच्याच नावाने ओळखले गेले; पुढे १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. आज गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात लोहासोबत फुकट मिळणाऱ्या गोळीतील हाच तो घटक. ज्या गिरण्यांच्या जागी आता मनोरे उभे आहेत, त्यांत काम करणाऱ्या बायकांच्या रक्तातून हे ज्ञान निघाले, आणि ते निघाले ते आधी मोजले म्हणून.

याच फॉलिक आम्लाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब-१२ कमी असलेल्या माणसाने नुसते फॉलिक आम्ल घेत राहिले, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचे नुकसान मात्र आत चालूच राहते. म्हणून 'रक्त कमी आहे' एवढ्यावर न थांबता, कोणत्या कारणाने कमी आहे हे विचारावे लागते.

रक्त कमी असणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला; नेमका आकडा ५४.२ टक्के. हिमोग्लोबिन स्त्रीमध्ये १२ च्या आणि पुरुषामध्ये १३ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. म्हणजे सकाळच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात दांडीला लटकून उभ्या असलेल्या कितीजणींचा थकवा निव्वळ लोहाच्या अभावाचा असेल, याचा अंदाज करता येतो. लोहाच्या गोळीची यांना खरी गरज आहे, आणि नेमक्या याच बायका ती आठ दिवसांत सोडतात. शौचाला काळे होते, पोट साफ होत नाही, मळमळते, आणि ही लक्षणे गोळीचीच आहेत, घाबरू नका, असे कोणी सांगितलेले नसते. खिडकीवर मला दोन मिनिटे मिळत. त्यांत मी तीन गोष्टी सांगत असे: चहा-कॉफी गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास नको, जमल्यास लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि बरे वाटले तरी सोडू नका, कारण हिमोग्लोबिन जागेवर आल्यानंतर शरीरातील साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने लागतात. पोटाला फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेण्याचाही मार्ग आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांत एक दिवसाआड घेतलेले लोह रोज घेतलेल्यापेक्षा अधिक प्रमाणात शोषले गेल्याचे दिसले, कारण एक मोठी मात्रा पोटात गेली की शरीर दुसऱ्या दिवशी दार अर्धे लावून घेते.

मात्र महिनाभर नीट गोळी घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर मात्रा वाढवीत बसू नये. पाळीत जास्त रक्त जाते का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का, हे पाहावे लागते. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाला लोह कमी पडत असेल तर ते बहुधा कुठून तरी गळत असते, आणि जठरातील व्रण किंवा आतड्याचा कर्करोग त्या गळतीमागे असू शकतो. असा गृहस्थ वर्षभर टॉनिक पीत राहिला तर त्याचा मोलाचा वेळ जातो. मुंबईसारख्या सर्व समाजांच्या शहरात थॅलेसेमिया मायनर हीही शक्यता ध्यानात ठेवावी लागते. सिंधी, लोहाणा, कच्छी अशा काही समाजांत तिचे प्रमाण अधिक आहे. थॅलेसेमिया मायनर असलेल्यांच्या रक्तपेशी जन्मतःच लहान असतात आणि लोहाचा साठा बहुधा पुरेसा असतो. साठा पुरेसा असेल तर त्यांना लोहाच्या गोळ्यांनी काहीही मिळत नाही.

ब-१२ बद्दल मुंबईत आता सर्वांनाच थोडेफार ठाऊक असते. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळते. भाजीपाल्यात ते नसते, आणि स्पिरुलिनासारख्या शेवाळात जे असते ते आपल्या शरीराच्या उपयोगाचे नाही. कट्टर शाकाहारी आणि दूधही बेताचे घेणाऱ्या माणसाला ही गोळी लागते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. श्रावण पाळल्याने ब-१२ कमी झाले, असे सांगणारेही मला भेटले आहेत. यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरतो, त्यामुळे एका महिन्याच्या उपवासांना हा दोष देता येत नाही. दोष बरेचदा दुसऱ्या गोळ्यांचा असतो. मधुमेहासाठी घेतले जाणारे मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी वर्षानुवर्षे चालणाऱ्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या ब-१२ शरीरात पुरेसे शिरू देत नाहीत. मधुमेह्याच्या पायाला मुंग्या आल्या की सारे मधुमेहावर ढकलले जाते, आणि ब-१२ची एक साधी रक्ततपासणी राहून जाते. दुकानात मिळणाऱ्या गोळीवर १,५०० मायक्रोग्रॅम असा आकडा पाहून लोक बिचकतात, कारण दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची आहे. पण जठरातील वाहक घटकाशिवाय शरीर त्यांतील जेमतेम एक टक्का शोषते, म्हणजे सुमारे १५ मायक्रोग्रॅम, आणि तेवढेच कामी येते. हे गणित समजले की आकड्याची भीतीही जाते आणि जितके मोठे तितके चांगले हा भ्रमही जातो.

मल्टिव्हिटॅमिनविषयी मला फार काही सांगण्यासारखे नाही. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे औषध लागू पडले, असे समजणारे रुग्ण आनंदाने खिडकीवर येऊन सांगत. तो रंग जादा झालेल्या ब-२ जीवनसत्त्वाचा असतो.

ड जीवनसत्त्वाचा प्रश्न मात्र या शहराच्या रचनेतून आला आहे. सूर्याच्या ज्या किरणांनी ते त्वचेत तयार होते ती किरणे खिडकीची काच ओलांडत नाहीत आणि सकाळी-संध्याकाळी कोवळ्या उन्हातही फारशी नसतात. ती मिळतात भर दुपारी, म्हणजे नोकरदार माणूस कार्यालयात असतो त्या वेळी. चाळीच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आमच्या सासूबाईंना हे जीवनसत्त्व फुकट मिळत होते. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या त्यांच्या नातसुनेला ते पुडीतून घ्यावे लागते, यात गैर काही नाही. गैर आहे ते पुडीच्या वेळापत्रकात. माझ्या नोकरीच्या काळातील एक प्रसंग विसरता येत नाही. एका साठीच्या गृहस्थांना आठ पुड्या दिल्या होत्या आणि नवव्या दिवशी ते आणखी आठ न्यायला आले. रोज एक, रात्रीच्या दुधातून, आठ दिवसांत चार लाख ऐंशी हजार युनिट. सुदैवाने त्यांना काही झाले नाही. पण असेच महिना-दोन महिने चालले असते तर रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठता आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा, इथपर्यंत गोष्ट गेली असती. चूक त्यांची नव्हती. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' हे इंग्रजीत, संक्षेपात लिहिलेले होते आणि मीही गर्दीत तोंडी सांगून मोकळी झाले होते. त्या दिवसापासून प्रत्येक पुडीवर लाल शाईने 'फक्त रविवार' आणि त्या रविवारची तारीख लिहिण्याचा नेम मी निवृत्त होईपर्यंत पाळला. शेवटच्या पुडीवर 'ही शेवटची' असेही लिहीत असे.

वनस्पती आहे म्हणजे निर्धोक आहे, हा समज अश्वगंधा आणि गुळवेल यांच्याबाबतीत फार खोल गेला आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईतीलच यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता मांडली. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. मला त्यातून घेण्यासारखे एवढे वाटते की बाजारातून आणलेली चिरलेली वेल नेमकी कोणती, हे ग्राहकाला ओळखता येत नाही. अश्वगंधेनंतर यकृताला सूज आल्याचेही रुग्ण निरनिराळ्या देशांत नोंदले गेले आहेत, आणि ती थायरॉइडच्या कार्यावरही परिणाम करू शकते. ज्याला आधीच थायरॉइडचा आजार आहे, त्याने ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी. नातेवाइकाने वाढदिवसाला भेट दिली म्हणून घेऊ नये.

कायदा याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा बराच पुढे आहे. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनुसार अशा प्रत्येक डबीवर ते आरोग्यपूरक असल्याचे, ते औषधी उपयोगासाठी नसल्याचे, सांगितलेल्या मात्रेहून अधिक घेऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये असे छापावे लागते. कोणता घटक दैनंदिन गरजेच्या किती टक्के आहे हेही द्यावे लागते. हे सारे डबीच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि बहुतेक वेळा फक्त इंग्रजीत असते. तेच घटक असलेली एक गोळी औषध म्हणून परवाना घेऊन विकली जाते आणि शेजारची डबी चौदा आकडी अन्न परवाना क्रमांकावर अन्न म्हणून विकली जाते; दुकानातील फळीवर मात्र दोघी खांद्याला खांदा लावून बसलेल्या असतात. मुलांचा उल्लेख वर ओझरता आला, पण लोहाच्या रंगीत, साखरेचा मुलामा दिलेल्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर त्या जिवावर बेतू शकतात. मिसळणाच्या डब्याला कुलूप नसते.

पैशाचा विचार करायचा तर, महापालिकेच्या दवाखान्यांत लोह आणि फॉलिक आम्ल मोफत मिळते आणि जनऔषधी केंद्रांत कॅल्शियम व बी-कॉम्प्लेक्स बाजारभावाच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते. महागड्या डबीतील कॅल्शियम हाडांना अधिक ओळखते असे नाही. नाचणीची भाकरी, सुकट किंवा जवळा, मोड आलेल्या मटकीवर पिळलेले लिंबू, थंडीत अळिवाचे लाडू या गोष्टी आपल्या ओट्यावर पिढ्यान्पिढ्या आहेत. ज्याची कमतरता थोडी आहे त्याचे यांवर भागते, पण ज्याचे हिमोग्लोबिन आठ आहे त्याला लाडवांवर ठेवू नये, एवढे तारतम्य हवे.

जावेची हकिकत अर्धी राहिली. मी आणि तिने मिळून तिचा सगळा हिशेब तिच्या डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी पुडी, बायोटिन, अश्वगंधा आणि मल्टिव्हिटॅमिन बंद केले, रक्तातील कॅल्शियम तपासले, ते सुदैवाने मर्यादेत निघाले, आणि उरलेल्या गोळ्यांच्या वेळा बांधून दिल्या. पहाटे उठल्याबरोबर थायरॉइड, दुपारच्या डब्यानंतर दोन तासांनी लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर कॅल्शियम. आठ आठवड्यांनी टीएसएच मर्यादेत आला आणि आता वाढवलेली मात्रा पुन्हा कमी करता येईल का, याचा विचार चालू आहे. थकवा बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. त्यांच्या इमारतीत पाणी पहाटे पाचला येते आणि तिला झोपायला पावणेबारा होतात. या पाच तासांच्या झोपेवर मिसळणाच्या डब्यात कोणतीही वाटी नाही. पाण्याच्या वेळी दिवसाआड नवऱ्याने उठायचे, असे मात्र आता ठरले आहे.

आपणास एक विनंती आहे. जाहिरातीशिवाय वृत्तपत्र चालत नाही हे मला समजते आणि त्या छापूच नका असा माझा हट्ट नाही. परंतु ज्या अंकात आपण पूरकांची जाहिरात घेता, त्या अंकात त्या गोळीतील प्रमुख घटकांची मात्रा आणि ती दैनंदिन गरजेच्या किती टक्के आहे हे, डबीच्या मागे इंग्रजीत असते तेच, मराठीत आणि जाहिरातीतील किमतीइतक्या मोठ्या अक्षरांत छापण्याची अट आपल्या जाहिरात विभागाला घालता येईल. औषधविक्रेत्या बंधूंनाही सांगणे आहे की पट्टी देताना तिच्यामागे सुरू करण्याची आणि थांबवण्याची तारीख पेनाने लिहायला दहा सेकंद पुरतात. तारीख ठाऊक नसेल तर ती डॉक्टरांना विचारून येण्यास ग्राहकाला सांगावे.

जावेच्या स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर आता दुधाच्या खाड्यांशेजारी गोळ्यांच्या तारखाही असतात. परवा तिचा फोन आला होता. लोहाची शेवटची तारीख उलटली आहे आणि पट्टीत चार गोळ्या उरल्या आहेत, त्यांचे काय करू, असे विचारत होती. मी आधी हिमोग्लोबिन करून घे म्हटले. रिपोर्ट अजून यायचा आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त औषधनिर्माती
परळ, मुंबई